पाकिटावरची नावं

१

सकाळी रॉयचं अंग पुसायचं, त्याला ओट्सची पेज भरवायची, खुर्ची ढकलत नेऊन पुढच्या खोलीच्या खिडकीशी लावायची, आणि मग माझं टेबल सुरू. जेवणाचं टेबल म्हणायचं नुसतं. त्यावर आम्ही जेवायला बसून वर्षं झाली. एका टोकाला हँडल फिरवायचं माझं मशीन, शेजारी पातळ पोलादी साचे, रबरी शिक्क्यांचा डबा, शाईचे पॅड आणि रंगांप्रमाणे लावून ठेवलेला जाड कागद. साचा कागदावर ठेवायचा, दोन प्लास्टिकच्या पाट्यांमध्ये दोन्ही दाबायचे आणि हँडल फिरवायचं. मशीन करकरतं आणि पलीकडून लिलीचं फूल कापून बाहेर येतं. मग थर. खाली पांढरा, त्यावर राखाडी, त्यावर पुन्हा पांढरा, आणि सगळ्यात वर ते फूल, फोमच्या बारीक चौकोनांवर चिकटवून जरा उचललेलं. पाठीमागे माझा शिक्का, ‘मॅव्हिसच्या हातचं’.

फुगे आणि केक कुणीही कापतं. आमच्या गावात माझं नाव आहे ते सांत्वनाच्या कार्डांसाठी. इथं माणूस गेलं की शेजारीपाजारी घरात येऊन बसत नाहीत. बोलावं लागेल म्हणून समोरच्या फुटपाथवरून जातात आणि मागाहून दारातल्या पत्रांच्या फटीतून कार्ड सरकवतात. कार्डात गेलेल्याचं नाव नसतं. नाव असतं पाकिटावर, आणि ते मागे राहिलेल्यांचं. ती कार्डं मग भिंतीतल्या शेकोटीच्या वरच्या फळीवर उभी करून ठेवायची, आणि किती आली त्यावरून माणसाची किंमत ठरायची. मी सगळ्या गल्लीची अशी किंमत ठरताना पाहिलेली आहे, आणि निम्मी कार्डं माझीच होती.

त्या दिवशी मी राखाडी थर कापत होते आणि पुढच्या दारातल्या पत्रांच्या फटीवरची झडप वाजली. टपालवाला यायला वेळ होता. पायपुसण्यावर एक पाकीट पडलं होतं, तिकीट न लावलेलं, वर नुसतं ‘मॅव्हिस’. आत माझंच कार्ड होतं. लिलीचं. त्यात लिहिलं होतं, ‘तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पिकल्स कुटुंब.’

मिसेस पिकल्स दोन दारं सोडून राहतात. मला वाटलं बाईंनी पत्ता चुकवला, दुसऱ्या कुणाकडे जायचं ते माझ्याकडे आलं. पण कुणी गेल्याचं माझ्या कानावर नव्हतं, आणि कुणी गेलं तर पहिलं मला कळतं, कारण कार्ड माझ्याकडून जातं. मग माझी नजर त्या फुलावर गेली. डाव्या पाकळीचं टोक कुरतडल्यासारखं होतं.

पाटीवर ओरखडे फार झाले की साचा एका अंगाला नीट बसत नाही. त्या फुलाची पाकळी अर्धवट कापली गेली होती आणि मी ती नखं काढायच्या कात्रीनं सोडवली होती. ते कार्ड मी विकायला काढलंच नव्हतं. विकलं असतं तर आमच्या कार्डं करणाऱ्या बायकांतल्या थेल्मानं महिनाभर ऐकवलं असतं. फसलेली कार्डं मी बुटांच्या एका खोक्यात टाकते, तो कपाटातून काढला. सगळ्यात तळाशी, पारदर्शक पिशवीत, कुरतडलेल्या पाकळीचं कार्ड जागच्या जागी होतं. आतून कोरं.

२

मी दोन्ही कार्डं दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवली. माणसाचं डोकं अशा वेळी वकिली करायला लागतं. म्हटलं, एकाच पाटीवर दोन कापली असतील, दोन्हींना तसाच दोष आला असेल. पण साच्याचा दोष दोनदा येतो, कात्रीचा येत नाही. हात एकदा चुकतो तसा पुन्हा चुकत नाही. तिसऱ्या थरावर डिंकाचा एक टिपूस सुकलेला होता, मोहरीएवढा. तोही दोन्हीकडे होता.

शेवटी मी कोट चढवला आणि मिसेस पिकल्सच्या दाराशी गेले. कार्ड नेलं नाही. हवापाण्याचं बोलून झालं, त्यांच्या गुडघ्याचं झालं, आणि मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं की अलीकडे गल्लीत कुणाकडे काही वाईट झालंय का. बाईंचा चेहराच बदलला.

“रॉय गेले का हो?”

“नाही. खिडकीत बसलाय, चहा पितोय.”

“बरं झालं मग,” त्या म्हणाल्या, आणि तोंड एवढंसं झालं. बाईंना बातमी पहिल्यांदा आपल्याकडे आल्याचं सुख क्षणभरच मिळालं होतं, ते मी काढून घेतलं.

परत आले तर रॉय खुर्चीत तसाच बसलेला. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो दोनच शब्द बोलतो, ‘मॅव’ आणि ‘लो’. मी मॅव, आणि लो म्हणजे आमची एकुलती एक लॉर्ना. मॅव म्हणजे पाणी, लघवी, उशी, पांघरूण. लो म्हणजे दर रविवारी डोंगर ओलांडून गाडीनं येणारी, त्याचा हात हातात घेऊन बसणारी आणि बाबांचे गाल बसलेत, तू त्यांना नीट भरवत नाहीस, असं मला सांगणारी. रविवारचं रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण, तिला मीच करून वाढते, हे आपलं सांगून ठेवते.

मी त्याच्या श्वासाकडे लक्ष दिलं. आत जाताना शिट्टी, बाहेर येताना शिट्टी, रोजच्यासारखा. पाकिटावर नुसतं ‘मॅव्हिस’ होतं. म्हणजे मागे राहिलेली मी. म्हणजे जाणारा हा. माझ्या मनात ते अगदी सरळ आलं आणि मला भीती वाटली नाही. जे वाटलं ती सुटका होती, आणि मी ते नाकारणार नाही. रॉयनं उभ्या जन्मात माझ्या कामाला कागदाची भातुकली म्हटलं. आता त्या भातुकलीनंच त्याची तारीख सांगितली, असं काहीतरी वेडंवाकडं माझ्या डोक्यात येऊन गेलं.

त्या दुपारी मी त्याला कस्टर्ड करून दिलं. गुठळ्या न होऊ देता.

३

गुरुवारी चॅपलच्या हॉलमध्ये आम्ही बायका कार्डांसाठी जमतो. थेल्मा ते चालवते, म्हणजे चहाच्या कपाटाची चावी तिच्याकडे असते. मी आत पाऊल टाकलं आणि सगळ्यांच्या माना एका बाजूला कलल्या. मिसेस पिकल्सनी आपलं काम चोख केलं होतं. थेल्मानं माझा दंड धरला आणि म्हणाली की निदान आम्हाला तरी कळवायचं होतंस. रॉय ठणठणीत आहे, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. ठणठणीत हा शब्द जरा जास्तच झाला, पण त्या पुन्हा कामाला लागल्या.

मला मात्र बरं वाटलं. अफवेनं सगळ्याचा उलगडा होत होता. उद्या आणखी कार्डं आली तरी मिसेस पिकल्सच्या जिभेनं आणली असं म्हणता येत होतं. पहिलं कार्ड अफवेच्या आधी आलं होतं, ही गोष्ट मी बाजूला सरकवली. त्याच खुशीत थेल्माकडून एक नवा साचा विकत घेतला, नेच्याच्या पानाचा, इतका नाजूक की तिच्याकडून तो अजून कुणी घेतला नव्हता. पाकिटाची चिकटपट्टी तशीच ठेवून तो पिशवीत टाकला.

घरी आले, दार उघडलं, आणि पायपुसण्यावर पाकीट होतं. थेल्माचं अक्षर मी झोपेतही ओळखीन, पोटं सुटलेली अक्षरं उजवीकडे रेलणारी. ती तर माझ्या डोळ्यांदेखत हॉलमध्ये कप विसळत होती. वर ‘मॅव्हिस’. आत राखाडी कार्ड, त्यावर नेच्याचं पान. पान इतकं स्वच्छ कापलेलं की एकही बारीक दात तुटला नव्हता. पानाखाली हिरव्याची सावली पडावी म्हणून एक जास्तीचा थर अर्ध्या सुताने सरकवून लावला होता. हे मी करते. माझ्याशिवाय कुणी करत नाही, कारण कुणाला तेवढा दम नसतो. पाठीमागे माझा शिक्का.

मी पिशवीतून साच्याचं पाकीट काढलं. चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

मी पायरीवरच बसले. आतून रॉय हाका मारत होता, मॅव, मॅव, आणि मला उठवेना. जे कार्ड मला अजून करायचं होतं ते मी हातात धरून बसले होते, आणि एक मूर्ख मन त्याची नीट पाहणी करत होतं. छान जमलं होतं.

४

मग ती येतच राहिली. रोज नाही, पण झडप वाजायची. मी टेबल सोडून धावायचे, दार उघडायचे, आणि वाटेवर कुणी नसायचं. फाटकाचा आकडा अडकवलेला असायचा. एकदा मी दाराच्या आतच उभी राहिले होते, हात कडीवर, आणि झडप डोळ्यांसमोर उचलली गेली. पाकीट आत आलं. ते कुणीतरी शेवटपर्यंत धरून होतं, पडू नये म्हणून हळू सोडतात तसं. मी दार ओढलं तेव्हा झडप अजून हलत होती आणि बाहेर नुसतं ऊन होतं.

सगळी माझी कार्डं. सगळ्यांवर ‘मॅव्हिस’. मी ती फळीवर ठेवली नाहीत, कपाटात कोंबली.

या दिवसांत मी रॉयशी चांगली वागले. त्याची दाढी रोज केली. त्याची आवडती मॅच रेडिओवर लावली आणि आवाज कमी केला नाही. रविवारी लॉर्ना आली तेव्हा बापाकडे बघून म्हणाली की आज बाबा तजेलदार दिसतात, आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू यात माझा काहीतरी डाव असावा. जाताना तिनं मला मिठी मारली, कोटाची बटणं लागेपर्यंतच. आम्हा दोघींना ते जमत नाही. तिची पाठ मला आवडते, ताठ, माझ्यासारखी. हे मी तिला कधी म्हटलेलं नाही.

सोमवारी झडप वाजली. पाकीट जाड होतं. वर लिहिलं होतं, ‘रॉय आणि मॅव्हिस यांस’.

मला आधी रागच आला. म्हटलं, पाठवणाऱ्यांनी घोळ घातला, गेलेल्याचंच नाव घातलं. मग मी भिंत धरली. कारण घोळ त्यांचा नव्हता, माझा होता. बाकीच्यांनी रॉयचं नाव घातलं नव्हतं ते रॉय वाचत नाही, बोलत नाही, गल्लीच्या लेखी तो खुर्चीचाच भाग आहे म्हणून. तो जिवंत राहणार होता. आम्ही दोघं मागे राहणार होतो. आम्हा दोघांना मिळून गमावण्यासारखं जगात एकच माणूस होतं.

मी कार्ड उघडलं. आत नावांची गर्दी, वेगवेगळ्या शाया, एकही ओळखीचं नाही. खाली लिहिलं होतं, ‘शाळेतल्या आम्हा सगळ्यांकडून’. लॉर्ना लहान मुलांना शिकवते.

५

मी तिला दुपारी शाळेतच फोन लावला. तिला काळजी वाटली, बाबांना काही झालं का. बाबा ठीक आहेत, म्हटलं. या रविवारी तू येऊ नकोस.

“का?”

“नको येऊस. रस्ता वाईट आहे.”

“आई, जून चालू आहे. आता कुठलं बर्फ?”

काय सांगणार होते मी? तुझ्या मरणाची कार्डं आली आहेत, मीच केलेली, आणि मला फक्त त्या डोंगरावरचा रस्ता आणि तुझं गाडी चालवणं दिसतंय? मी म्हटलं की मला विश्रांती हवी आहे. दर रविवारी रोस्ट, दर रविवारी तुझे टोमणे, मला झेपत नाही.

“बाबा बरे दिसायला लागले तर तुला मी यायला नको,” ती म्हणाली. “मनात आणलंस की तुला जमतं, हे मला दिसू द्यायचं नाही ना?”

ती हुशार आहे. नेमकं दुखतं तिथं बोट ठेवते, आणि हेही तिनं माझ्याकडूनच घेतलंय. मी तिला तसंच समज असं म्हणाले. बरं, नाही येत, ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी खूश होते. ती रस्त्यावर येणार नव्हती.

मग मी खोका उचलला आणि मागच्या अंगणात नेला. कपाटातली आलेली कार्डंही नेली. पानं जाळायच्या पत्र्याच्या डब्यात ती सगळी घातली आणि काडी लावली. जाड कागद पटकन पेटत नाही. थर एकमेकांपासून सुटतात, वरचं फूल आधी काळं होऊन वळतं, मग खालचा राखाडी, आणि अगदी तळचा पांढरा कितीतरी वेळ तसाच राहतो. मी काठीनं ढोसत राहिले. कुरतडलेल्या पाकळीचं कार्ड मी स्वतः शेवटपर्यंत जळताना पाहिलं. राख बादलीभर पाण्यात कालवली आणि गुलाबांना घातली.

शनिवारी झडप वाजली. पाकिटावर ‘रॉय आणि मॅव्हिस यांस’, आत लिली. डाव्या पाकळीचं टोक कुरतडलेलं. मी ते नाकाशी धरलं. धुराचा वासही नव्हता.

६

रविवारी लॉर्ना आली नाही. रॉय सकाळपासून खिडकीत ताटकळला, प्रत्येक गाडीला ‘लो’ म्हणाला, आणि दुपारी रडायला लागला. तोंड वाकडं असल्यानं त्याचं रडणं हसल्यासारखं दिसतं. मी त्याचे डोळे पुसले. तुझ्या लो साठीच करतेय रे, म्हटलं. त्यानं माझा हात ढकलला.

पण ती त्या रस्त्यावर नव्हती म्हणून काय झालं? तिच्या गावातही रस्ते होते, जिने होते, तिच्या छातीतही एक गाठ असू शकत होती जिचा अजून कुणाला पत्ता नव्हता. कार्डात कसं ते कुठं लिहिलेलं असतं? फक्त मागे कोण राहिलं ते लिहिलेलं असतं.

तेव्हा मला सुचलं. सुचलं म्हणजे विचार करून नाही. कागद संपत आला की दुसऱ्या रंगाचा थर घ्यावा तसं सुचलं. मी जे करते तेच दाराशी येतं. मग काय करायचं आणि पाकिटावर काय घालायचं, हे माझ्या हातात का असू नये?

हा शुद्ध खुळेपणा आहे, हे मला कळत होतं. मी स्वतःला तसं मोठ्यानं म्हटलंसुद्धा. तरी हात चालत होते. नेच्याच्या साच्याची चिकटपट्टी मी नखानं सोडवली. नवी पाटी घेतली, एकही ओरखडा नसलेली. हँडल फिरवताना नेहमीची करकर आली नाही, मशीन लोण्यातून गेल्यासारखं गेलं. पान अख्खं निघालं. खाली पांढरा, त्यावर राखाडी, पुन्हा पांढरा. सावलीचा थर लावला नाही. स्वतःसाठी एवढी मेहनत कोण घेतं? पाठीमागे शिक्का मारला. मग पाकीट घेतलं आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘रॉय आणि लॉर्ना यांस’.

पुढचं दार उघडून मी बाहेर गेले, दार ओढून घेतलं, आणि माझ्याच घराच्या दारातल्या फटीतून ते आत सरकवलं. पडू नये म्हणून शेवटपर्यंत धरून हळू सोडलं. सोडताना आतून कुणीतरी हात कडीवर ठेवून उभं असल्यासारखं मला वाटलं. मी दार ढकललं तर आत कुणीच नव्हतं, आणि पायपुसणं रिकामं होतं. पाकीट मी सगळीकडे शोधलं, फळ्यांच्या फटीतसुद्धा. ते कुणीतरी घेतलं होतं.

मी रॉयला जेवू घातलं आणि भांडी विसळली.

७

सोमवारी एकही आलं नाही. मंगळवारी झडप वाजली, थांबली, पुन्हा वाजली. मी धावले नाही. चालत गेले. पायपुसण्यावर पाकिटांचा ढीग होता आणि वरच्याच पाकिटावर थेल्माच्या पोट सुटलेल्या अक्षरात लिहिलं होतं, ‘रॉय आणि लॉर्ना यांस’. खालच्यावर तेच. त्याखालच्यावर तेच.

मी खाली बसून ती फोडली. पहिलं म्हणजे मला हायसं वाटलं, अंगातून सगळा भार निघून गेल्यासारखं, लॉर्नाला जन्म दिला तेव्हा वाटलं होतं तसं. ती राहणार होती. मग मी कार्डं पाहिली. एकही हातानं केलेलं नव्हतं. सगळी दुकानातली, गुळगुळीत, चंदेरी अक्षरांची, सपाट छापलेली फुलं, एकाच गठ्ठ्यातून आलेली. दोघींनी तर अगदी एकसारखं पाठवलं होतं. मी या गावाच्या प्रत्येक मढ्यासाठी थरावर थर लावले, आणि माझ्यासाठी कुणाला कात्री उचलावीशी वाटली नाही. मला मरणाचं नाही, याचं रडू आलं.

झडप पुन्हा हलली. या वेळी मी खालीच होते, डोळ्यांच्या रेषेत. मी ती बोटांनी धरली आणि बाहेर पाहिलं.

वाट रिकामी नव्हती. काळे बूट, काळे मोजे, इस्त्री केलेल्या पँटींच्या कडा, सगळे दाराकडे तोंड करून उभे, कुणाला आत यायचं नाही असे. फट अरुंद होती, कमरेवरचं काही दिसत नव्हतं. मधोमध रॉयच्या खुर्चीचं चाक. त्याच्या गुडघ्यांवर चौकटीचं पांघरूण, पांघरुणावर त्याचा हात, आणि त्या हातावर दुसरा हात. तो हात मी कुठंही ओळखीन. तो हात एवढासा होता तेव्हा मी त्याची नखं कापलेली आहेत.

“करायला घेतलं होतं गं मी,” थेल्माचा आवाज आला. “पण तिच्यासारखं होईना. म्हणून आणलं विकतचं.”

“बरं झालं,” लॉर्ना म्हणाली. “केलं असतंस तर तिनं चुका काढल्या असत्या.” आणि ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला.

झडप माझ्या बोटांतून सुटली. मी दार उघडलं तेव्हा वाटेवर कुणी नव्हतं. फाटकाचा आकडा अडकवलेला होता. मी पुढच्या खोलीत गेले. रॉय खिडकीत होता, चांगला हात वर केलेला, बाहेर कुणाला तरी निरोप देत असल्यासारखा हलवत. “लो,” तो म्हणाला, तृप्त होऊन. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पाहतच राहिला, आणि या वेळी मॅव म्हणाला नाही. मी समोर उभी होते, आणि त्याला मी कुठं आहे ते सापडत नव्हतं.

मी फोन घेतला. लॉर्ना जेवणाच्या सुट्टीत होती.

“या रविवारी ये,” मी म्हटलं.

“तूच नको म्हणालीस.”

“आता ये म्हणतेय. रोस्ट करते. टोमणे मार हवे तेवढे.”

ती हसली नाही. “आई, मी आता दुसरं ठरवून बसलेय. पुढचे दोन्ही रविवार शाळेचे कार्यक्रम आहेत. पुढच्या महिन्यात बघू.”

पुढच्या महिन्यात. किती लांब असतो तो? पाकिटांच्या ढिगावर तारीख नव्हती, पण ढीग पायपुसण्यावर पडला होता आणि रॉयला मी दिसत नव्हते. मी तिला खरं सांगू शकले असते. तिनं डॉक्टरला फोन केला असता, आईचं डोकं फिरलंय म्हणून. किंवा विश्वास ठेवला असता, आणि मग काय केलं असतं? मशीनशी बसली असती? मी स्वतःवर ओढून घेतलेलं परत स्वतःवर घ्यायला? नाही. ते मला नको होतं.

“चालेल,” मी म्हटलं.

“तुझा आवाज असा का येतोय?”

“सर्दी आहे.”

“औषध घे मग. बाबांना माझी पापी दे.”

“देते.”

मी फोन कानाशीच धरून थांबले, अजून काही म्हणेल म्हणून. तिनं ठेवला होता. मग मी रॉयकडे गेले आणि त्याच्या गालावर तिची पापी दिली.